एका हाताने सुटणारं जॅकेट

"पाण्यात पटकन सुटेल असं कोणतं आहे?" आजोबांनी विचारलं, आणि दुकानवाल्या बाईचा हात लाइफ जॅकेटांच्या रांगेवर जागच्या जागी थांबला.

अकरा वर्षं ती तळ्याकाठी लाइफ जॅकेटं आणि पॅडलबोर्डचं हे दुकान चालवत होती. बायका विचारत, यात जाड दिसेन का. पुरुष विचारत, घालायलाच हवं का. काही झालं तरी सुटणार नाही असं द्या, हे तर सगळेच म्हणत. सुटणारं मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदाच आलं होतं.

बाई मुळात संशयी, हे कबूल करायला हवं. रविवारी वापरून सोमवारी "माप चुकलं हो" म्हणत जॅकेट परत आणणाऱ्यांनी तिला तसं करून ठेवलं होतं. परत आलेलं जॅकेट ती आधी हुंगायची, मग बोलायची. तिनं आजोबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वय सत्तरीचं, शर्टाला कडक इस्त्री, पायांत चामड्याच्या चपला. हा माणूस पॅडलबोर्डच्या फळीवर उभा राहून वल्हं मारणार? कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिनं माप विचारलं, तर म्हणाले बायकांचं, मीडियम. मग कुणासाठी, तर म्हणाले घालणार मीच. आणि घातलंसुद्धा. पोटावर चेन मिटेना, बक्कल तेवढं कसंबसं लागलं. बाईनं नेहमीप्रमाणे खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहिलं, ते थेट कानांशी आलं. पाण्यात पडलात तर जॅकेट तरंगेल, तुमचा भरवसा नाही, असं तिनं सांगितलं. आजोबांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. त्यांचं सगळं लक्ष बक्कलकडे होतं. डाव्या हातानं ते चिमटीत धरून सोडायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा सोडायचे. ओठांत आकडे मोजणं चाललं होतं.

हा माणूस एकतर जिवाला कंटाळलाय, नाहीतर कुणाच्या तरी जिवावर उठलाय.

"काका, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? डावाच हात का?"

"उजव्या हातात ती असेल ना."

"ती कोण?"

"बायको."

बाईनं जॅकेट त्यांच्या अंगातून जवळजवळ ओढूनच काढलं, हँगरला लावलं आणि म्हणाली, आधी बसा. बोलता बोलता फोन जवळ ओढून ठेवला.

आजोबा बसले. फोनकडे त्यांनी पाहिलं, त्याचा अर्थ त्यांना कळला असावा, पण रागावले नाहीत. मग सांगायला लागले. बायको पोहायला शिकवायची. सदतीस वर्षं शिकवलं तिनं, निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलं. आता मधेच तिची शुद्ध हरपते, अर्धा मिनिट, कधी जास्त. डॉक्टरांनी पोहणं बंद केलं, तर म्हणाली बरं, पोहत नाही, फळीवर उभी राहते, पाण्यात कुठं जाते? लाइफ जॅकेट घालायचं नाव काढलं की भडकते. जिनं पोरांना पाण्यात ढकलून तरायला शिकवलं, तिनं जॅकेट घालून फिरायचं? उद्या त्या डॉक्टरांनाच पोहायला शिकवते म्हणाली. म्हणून हे फळीच्या पुढच्या टोकाला बसणार. जॅकेट दिसायला यांचं, माप तिचं. ती पडली की एका हातानं तिला धरायचं, दुसऱ्यानं जॅकेट सोडायचं आणि तिला चढवायचं. घरी गादीवर आपली बंडी काढून उशीला चढवून पाहिली, बावीस सेकंदांत जमलं.

बाईचा संशय विरला, आणि त्याच्या जागी भीती आली, ती जास्त वाईट होती. पाण्यात बेशुद्ध माणसाला जॅकेट चढवणं तिला स्वतःलाही जमलं नसतं.

"तुम्हाला पोहता येतं?"

आजोबा चपलेचा पट्टा नीट करत राहिले. "लग्न झाल्यावर शिकवते म्हणाली होती. मग तिच्या बॅचेस, मुलं... राहूनच गेलं."

बाई उठली. मागच्या खोलीतून तिनं सगळ्यात जाड, सगळ्यात मोठं जॅकेट आणलं आणि त्यांच्यावर चढवलं. चेन मिटली. खांद्यांना धरून उचललं, तसूभर हललं नाही. मग तिनं स्पष्ट सांगितलं. ती पडली तर जॅकेट काढायचं नाही. तिला दोन्ही हातांनी छातीशी धरायचं, तिचं तोंड वर ठेवायचं आणि ओरडायचं. कुणी येईपर्यंत हे दोघांना पेलेल.

आता संशय आजोबांच्या डोळ्यांत आला. पेलेल म्हणजे नक्की? किती वेळ? बाईला खोटं बोलता येईना. बहुतेक पेलेल, म्हणाली.

आजोबांनी ते "बहुतेक" स्वतःशी पुटपुटून पाहिलं.

"काका, काही झालं तरी हे काढणार नाही म्हणा. शब्द द्या मला, तरच विकते."

आजोबांनी चेन आणखी वर ओढली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "तुमचं लग्न झालंय का हो?"