वरून धड

भूपेंद्र कार्बनची सायकल खांद्यावर घेऊन सौंसरला सुमेधच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आला, तेव्हा त्याचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला होता. बोरगावच्या उतारावर कुत्रं आडवं आलं आणि तो सायकलीसकट मैलाच्या दगडावर आपटला होता. रविवारी नागपूरला शर्यत होती.

"मले खरचटलं बी नाही, सुमेधभाऊ. फ्रेम तेवढी वाचली का, सांगा."

फ्रेमवर ओरखडा नव्हता. पण कार्बन मोठा लबाड, वरून धड दिसतो आणि आतून फुटलेला असतो. म्हणून सुमेध नळीला कान लावून, नाण्यानं टकटक करत बोटाबोटानं पुढे सरकू लागला. धड जागा टणटणीत बोलत होती. सीटखाली मात्र ओल्या लाकडासारखा भद्द आवाज आला, आणि भूपेंद्रचे ओठ सुकले.

"घाबरू नको बे. दोन बोटं जागा गेली. घासतो, नवं कार्बनचं कापड लपेटतो. रविवारी पळवजो."

भूपेंद्रनं जामसावळीच्या मारुतीच्या दिशेनं हात जोडले. मग वळून म्हणाला, "फ्रेम तेवढी वाचली का, सांगा."

"आत्ताच त सांगून राहिलो ना लेका," सुमेध हसला आणि त्यानं पुन्हा सगळं समजावलं. भूपेंद्रनं मान हलवली.

"सुमेधभाऊ," जरा वेळानं तो म्हणाला, "मले खरचटलं बी नाही. फ्रेम तेवढी वाचली का, सांगा."



सुमेधच्या हातातलं नाणं गळून पडलं, आणि फ्रेम तिथंच टाकून तो भूपेंद्रला दवाखान्यात न्यायला रस्त्यावर पहिली दिसेल ती गाडी थांबवायला धावला.