वस्तादांचं ताट

“हे जेवण नाही, शिक्षा आहे,” म्हणत वस्तादांनी ताट लांब सारलं.

लेक पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. तिची कामाची पाळी दुपारपासून रात्रीपर्यंत असायची. ती परत येईपर्यंत वस्ताद झोपलेले असत.

“बाबा, दोन घास तरी खा. गोळी घेतलीत आणि पोटात काही नसलं, तर परवासारखी चक्कर येईल.”

“येऊ दे. उभ्या आयुष्यात लोकांना बोटं चाटायला लावली मी. आता हे गवत चघळू?”

लेकीनं त्यांच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

वस्तादांची सारी हयात एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात गेली होती. मधुमेह जुनाच, पण बायको होती तोवर तो तिच्या धाकात असायचा. ती गेली आणि तो मोकाट सुटला. पायाच्या बोटाची जखम भरेना. साखर आटोक्यात आली नाही तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा लेक आपलं बिऱ्हाड मोडून बापाकडे राहायला आली. ती सकाळी उठून पालेभाज्या, कडधान्यं, वाफवलेला मासा असं काहीबाही करून ठेवायची. दुपारी वस्ताद खिडकीपाशी ताट घेऊन बसायचे, चार घास चिवडायचे, उरलेलं कचऱ्यात ओतायचे. मग बिस्किटांचा पुडा फोडायचे.

दुसऱ्या दिवशी लेक “जरा काम आहे” म्हणून भल्या सकाळीच बाहेर पडली. वस्ताद स्वयंपाकघरात डोकावले. ओटा रिकामा. भांडी पालथी. शेवटी हिनंही हात टेकले तर! त्यांना वाईट वाटलं, पण कबूल कोण करणार? मऊ चप्पल चढवून ते लंगडत थेट जुन्या भटारखान्यात गेले.

गिऱ्हाईक यायच्या आधीची वेळ. मागच्या लांब टेबलाभोवती सगळे आचारी जेवायला बसत होते. वस्तादांचा चेला बारक्या आता तिथला मुख्य आचारी होता. त्याच्या पोटाकडे पाहून हे नाव कुणी ठेवलं असेल, असा प्रश्न पडावा.

“या वस्ताद! अगदी वेळेवर आलात. अरे, सरका रे!”

सगळे दाटीवाटीनं सरकले. ताट पुढ्यात आलं. कुणी मॅनेजरची नक्कल केली. कुणी कालचं दूध कसं करपलं ते सांगितलं. वस्तादांनी दोघांना फैलावर घेतलं, एकाची पाठ थोपटली, आणि बोलता बोलता ताटातला मासा संपला, घेवडा संपला, पालेभाजीचा शेवटचा घासही त्यांनी निपटून खाल्ला.

“याला म्हणतात हात!” ते म्हणाले. “तेल नावाला, मीठ बेताचं, तरी चव बघा. बारक्या, माझ्या लेकीला शिकव रे जरा.”

कुणीतरी खाकरलं. बारक्यानं डोकं खाजवलं.

“मी काय शिकवणार, वस्ताद? सकाळी ताईच इथं येऊन हे रांधून गेली. म्हणाली, घरात बाबांना एकट्याला घास उतरत नाही. ओटा रिकामा दिसला की ते तुमच्याकडेच येतील, तुमच्यात बसवून घ्या.”

वस्ताद खाली मान घालून रिकाम्या ताटाकडे पाहत राहिले.

“ती जेवली का?” त्यांनी विचारलं.

“नाही. डबा भरून घेऊन गेली.”

“उद्या तिलाही थांबवून घे,” वस्ताद म्हणाले. “ती तरी रोज कुणाबरोबर जेवते?”