बाळंतिणीचं पाणी

ज्योत्स्नाचं सिझर होऊन आठवडा झाला, तरी सासू तिला घोटभर चहापलीकडे पाणी देईना. अंगावर दूध उतरेना, तान्ही पोर कोरडी छाती ओढून ओढून रडत होती. ज्या घराची चूल तलावातल्या मासोळीवर पेटते, त्याच घरात बाळंतिणीला पाणी बंद! टाक्यांवर हात दाबून, भिंतीच्या आधारानं ज्योत्स्ना उठली आणि थेट माठापाशी गेली. सासूनं झटकन माठाच्या झाकणावर हात ठेवला. "पाणी पेशीन तं टाके पिकतीन, पोरी." "डॉक्टरीणबाईनं भरपूर प्यायले सांगतलं, आत्याबाई." "तिले काय समजते? कोनाची बाळंतपणं केली तिनं?" "माह्यंच केलं ना!" "आमी नाही का राह्यलो बिनपाण्याच्या?" "तुमाले तहान नव्हती लागत?" सासूची नजर खाली गेली. "लागे तं. ओला पदर चोखत होती मी, चोरून." "मंग मले चोरायले लावू नका. काढा हात."