पडद्याच्या जागी काच

शहात्तर साली अंबडच्या बेकरीचं नवं रूप मी कागदावर आखलं. मालक तातेरावांनी बोट ठेवलं. "भट्टीपुढच्या पडद्याच्या जागी काच?"

"उजेड येईल, धग अडेल," मी म्हणालो.

"अन् पीठ कोण मळतं तेबी दिसंल. बौद्धाच्या हातचं गल्लीत कितीजण घेतील?"

"वीस वर्षं घेऊनच राह्यले की," आतून पीठ मळता मळता माझे बाबा म्हणाले. "पडदाच पाहिजे असंल, तर मंग नानकटाई तुम्ही करा, मालक. मी बसतो गल्ल्यावर."

तातेराव हसले. मग त्यांनी सुताराला काचेचं माप दिलं.

दुकान उघडायच्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून काच पुसत होते. आतून पुसून झाल्यावर ते पुढे आले आणि त्यांनी ती गिऱ्हाइकांच्या बाजूनेही पुसली.