दहावा फोटो

जुना कॅमेरा विकत देताना तो सेकंदाला दहा फोटो काढतो, असं दुकानदार म्हणाला होता. खात्री करायला मी मळ्यातल्या घराच्या ओट्यावर मोबाइल उभा केला, स्टॉपवॉच सुरू केलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं. मोबाइलच्या मागे चटईवर माझी बायको हर्षाली गणेशवाडीच्या फूलबाजारासाठी झेंडूचा हार ओवत बसली होती.

मग एकेक फोटो मोठा करून तपासत बसलो. स्टॉपवॉच बंद करायचं राहूनच गेलं.

नऊ फोटोंत सगळं बरोबर होतं. आकडा दर वेळी सेकंदाच्या दहाव्या भागाने पुढे गेला होता. हर्षालीच्या मांडीवर अर्धा हार होता.

दहाव्या फोटोत स्टॉपवॉच नऊ मिनिटं चाळीस सेकंद दाखवत होतं. चटईवर गाठ मारलेला पूर्ण हार होता. शेजारी तिच्या चपला होत्या. ती नव्हती.

मी मोबाइलकडे पाहिलं. नऊ मिनिटं एकतीस सेकंद.

"हर्षाली, राहू दे तो हार."

"झालाच की, अहो. एवढी गाठ मारते," मान वर न करता ती म्हणाली, आणि तिने दोऱ्याची दोन्ही टोकं जवळ आणली.