जोडशब्द

“मूकबधिर माणूस क्रेनखाली उभा करायचा? उद्या काही बरंवाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?” कारखान्याचे मॅनेजर जयराज साहेब म्हणाले.

क्रेनचालक मायाने शेजारी पाहिलं. बिरदेवचे हात भराभर हलले. सुभेदार आकारामने ते नीट पाहून घेतले आणि मगच तोंड उघडलं.

“साहेब, प्रेसची मशिनं चालू असल्यावर बोलणाऱ्याचं तरी कोण ऐकतंय?”

हे तो इतक्या मोठ्यांदा म्हणाला की केबिनबाहेरच्या शिपायाने डोकावून पाहिलं. तोफखान्यात नोकरी केलेला माणूस. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. निवृत्त झाल्यावर तो इथे गेटवर सुरक्षेला लागला होता.

शिरवळच्या या कारखान्यात कर्मचाऱ्यांचे तीन गट होते. महिला मंच, माजी सैनिक गट आणि दिव्यांग गट. कंपनी तिघांचेही लाड करायची. महिला दिनाला गुलाब, सैनिकांना शाल-नारळ, दिव्यांगांना स्टीलचा डबा. मग फोटो, आणि पुन्हा वर्षभर कुणी कुणाला ओळखत नसे. मायाला या गुलाबांचा भयंकर राग यायचा. क्रेन चालवणाऱ्या बाईने गुलाब ठेवायचा तरी कुठे?

बिरदेव जन्मापासून बोलत नव्हता. इतकी वर्षं तो पॅकिंगमध्ये खोकी चिकटवत होता आणि दुपारच्या सुट्टीत क्रेनकडे बघत बसायचा. क्रेनखाली उभं राहून चालकाला हाताने सिग्नल देण्याचं काम त्याला हवं होतं. त्याची नजर घारीची होती. मायाने ते बरोबर हेरलं आणि तिन्ही गटांना एका टेबलाशी बसवलं.

महिनाभर कँटीनमध्ये त्यांची शाळा भरली. थोड्या खुणा आकारामच्या फौजेतल्या, थोड्या बिरदेवच्या घरच्या, आणि काही महिला मंचाने हसत-खिदळत शोधलेल्या. वर धरलेली मूठ म्हणजे जागच्या जागी थांबा. आकाराम बिरदेवला क्षणभरही नजरेआड होऊ देत नसे. बिरदेव जेवायला बसला की हा समोर बसायचा. मायाला त्याचं कौतुक वाटायचं. दुसऱ्यासाठी कोण एवढं करतं?

मागण्या दोन ठरल्या. पहिली बिरदेवच्या कामाची. दुसरी बिरदेवने स्वतः मांडली. त्याचे हात बराच वेळ चालले, आणि आकाराम पहिल्यांदाच अडखळला.

“त्याचं म्हणणं हाय... कुणाचं व्यंग उघडं पडलं, तर त्येच्या नोकरीला हात लावू नये.”

माया हसली. “गड्या, तुझं तर सगळ्यांना ठाव हाय की. आता आणि कुणाचं उघडं पडायचंय?”

बिरदेव कसनुसा हसला. आकाराम बिरदेवकडे बघत राहिला.

त्याच दोन मागण्या आता साहेबांच्या टेबलावर होत्या. साहेबांनी चष्मा पुसला. “ठीक आहे. आज दुपारी करून दाखवा. जमलं तर दोन्ही मान्य. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा माझ्याकडे आणायचा नाही.”

दुपारी सगळ्या प्रेस धडाधड चालू होत्या. प्रत्येकाच्या कानात बोळे. माया वर क्रेनच्या केबिनमध्ये चढली. खाली बिरदेव उभा. साखळीला लटकलेला लोखंडी साचा एका हत्तीएवढा होता. बिरदेवची बोटं हलायची तसा साचा सरकायचा. डावीकडे. थोडा वर. आणखी थोडा. मायाला वाटलं, तो हात आपल्याच खांद्याला लावलेला आहे.

तेवढ्यात जयराज साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून पिवळी पट्टी ओलांडून आत आले. नेमके साच्याच्या वाटेत.

सगळे ओरडले. सुपरवायझर ओरडला, फिटर ओरडले, नेहमी पुटपुटणाऱ्या हिशेबनिसानेही बोंब ठोकली. कुणाचं काही कुणाला ऐकू आलं नाही. मायाला दिसली ती फक्त वर गेलेली एक मूठ.

तिने क्रेन जागीच रोखली. साहेबांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं, तर समोर हातभरावर लोखंड झुलत होतं.

प्रेस बंद झाल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. माया खाली उतरली तेव्हा बायकांनी बिरदेवला चक्क उचललं होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. जिंकलो होतो आपण! गुलाब न घेता जिंकलो होतो.

कँटीनमध्ये कंदी पेढे आले. साहेब उठून उभे राहिले.

“दोन्ही मागण्या मान्य. सोमवारपासून बिरदेव क्रेनवर. आणि या कारखान्यात कुणाचंही व्यंग कळलं म्हणून कुणाची नोकरी जाणार नाही. माझा शब्द आहे. मशीनच्या शेडमध्ये भोंग्याच्या जोडीला लाल दिवाही बसवू. आपल्या मूकबधिर बंधूला तो दिसेल.”

पुन्हा टाळ्या. आकाराम पाठमोरा उभा राहून पेढे वाटत होता.

“सुभेदार,” साहेबांनी हाक मारली, “सांगा त्याला, मी काय म्हणालो ते.”

आकाराम पेढे वाटतच राहिला. साहेबांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा बिरदेव लगबगीने पुढे आला, त्याने आकारामचा खांदा धरून त्याला वळवलं आणि साहेबांचं सगळं बोलणं त्याला हातांनी सांगितलं. नोकरी न जाण्याचं तर दोनदा सांगितलं.

मायाचा पेढा हातातच राहिला.

आकारामने पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. टाचा जुळवल्या. साहेबांना कडक सॅल्यूट ठोकला.

“तुमी सगळी ‘मूकबधिर’ ह्यो शब्द जोडून म्हणता, साहेब,” तो नेहमीसारखाच मोठ्यांदा म्हणाला, “पर माणसं दोन हाईत. मुका त्यो. बहिरा मी.”