जागेचा टन

गोदीच्या माल-कचेरीत टन दोन प्रकारचा असतो. लोखंडासारख्या जड मालाचं भाडं वजनाच्या टनावर लावायचं आणि कापसासारख्या हलक्या मालाचं, त्यानं अडवलेल्या जागेच्या टनावर. "ज्यात कंपनीचा फायदा, तो आपला टन," असं म्हणत अण्णांनी तिथं चाळीस वर्षं गासड्या मोजल्या आणि निवृत्त होताना टेप मुलाच्या हाती दिली.

आता आजारपणात अण्णांचं वजन अडतीस किलोवर आलंय. सून शेजारणीला सांगते, "त्रास म्हणाल तर काडीचा नाही हो. दोन घास खातात नि पडून असतात. पण त्या खाटेनं अख्खी खोली खाल्लीय."

रविवारी मुलगा टेप घेऊन आला आणि मान वर न करता खाट मोजू लागला.

"पोरीचं अभ्यासाचं टेबल इथं बसेल का, बघतोय. तुम्हाला काय, आश्रमात हवा छान आहे."

टेपचं टोक सारखं सुटत होतं.

"एकट्यानं मोजलं की इंचभर चुकतंच, कितीदा सांगितलंय तुला," म्हणत अण्णांनी उशाकडचं टोक घट्ट धरलं.